पहाटे पाचचा आवाज

"वैनी, आज तीन गेले."

भालूभावोजी परसदारी उभे होते. हातातल्या जाळीत तीन मासे, ओल्या शेवंतीच्या पाकळ्या गोळा करून आणाव्यात तसे. आजऱ्याला मार्गशीर्षात धुकं उतरतं ते अंगणातच मुक्कामाला येतं. भावोजींच्या मागचं पपईचं झाडसुद्धा दिसत नव्हतं. ते जणू धुक्यातूनच ती जाळी घेऊन वर आले होते.

माझी पूजा नुकतीच आटोपली होती. मी "अरेरे" एवढंच म्हणाले.

"परवा दोन, आज तीन. रोज पाच वाजले की मीटरजवळच्या डबीची ती दांडी पडतीय. पंप बंद, हवा बंद. गर्दीच्या टाकीत तासभर हवा नसली की संपलं." त्यांनी जाळी झटकली नाही, हलकेच खाली ठेवली. "वायरमन दोनदा येऊन बघून गेला. दुपारी सगळं ठीक असतं. पहाटे पाचलाच काय होतंय तिला?"

आतून सासूबाईंचा आवाज आला. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. "आरं, गारठा किती पडलाय! माशांनी थंडीनं मान टाकली असंल."

"आई, मासे पाण्यातच असतात."

"म्हणून काय झालं? तूबी घरातच असतोस, तरी शिंकतोस की."

भावोजी हसले नाहीत. शाळेच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस होते. लग्न केलं नव्हतं. मागच्या खोलीत काचेच्या सात टाक्या मांडून त्यांनी मासे पाळले होते, आणि शाळा सुटली की घरी यायचे ते त्या खोलीतच. रात्री टाक्यांचे दिवे लागले की ती खोली हिरवी व्हायची. दारातून बघितलं की आपणच पाण्याखाली आहोत असं वाटायचं.

"त्या डबीचंच काहीतरी करायला पाहिजे," ते म्हणाले. "दादानं बसवलीय म्हणून आजवर गप्प बसलोय."

मी जाळीकडे बघितलं नाही. मी एकादशीला अंगणात मुंगी बघून पाय टाकणारी बाई. आणि ते मासे कुणी मारले, हे त्या घरात मला एकटीला ठाऊक आहे, असं मी समजत होते.

या गोष्टीला आता वीस वर्षं झाली.

आमचे हे, म्हणजे विश्वंभर, परवान्याचे वायरमन होते. आजऱ्यापासून गडहिंग्लजपर्यंत निम्म्या घरांत त्यांच्या हातची वायर होती. घरात एक तपकिरी पुठ्ठ्याचं नियमांचं पुस्तक असायचं. मी माझी पोथी जशी कापडात बांधून ठेवायची, तसं ते पुस्तक हे पिशवीत ठेवायचे. लग्नानंतर दोनच वर्षांत त्यांनी व्हरांड्यातल्या मीटरशेजारी ती डबी बसवली. तिचं खरं नाव ईएलसीबी. आत्याबाईंच्या जिभेवर ते बसेना, म्हणून घरात नाव पडलं 'विश्वंभरची डबी'.

भावोजी तेव्हा कॉलेजात होते. त्यांनी यांच्याशी वाद घातला होता. "दादा, नियमात मोठ्या जोडणीलाच सक्ती आहे. आपल्याएवढ्या घराला लागू नाही."

"नियम किलोवॅट बघून लिहिलाय," हे म्हणाले. "घरात माणसं किती, ते बघून नाही."

"मग निदान सगळ्याच घराला लाव. फक्त प्लगनाच का?"

"वरच्या दिव्याला कोण हात लावतंय? प्लगला हात जातो. इस्त्री, मिक्सर, पाण्याचा हीटर, जे काय माणूस हातात धरतो ते प्लगला असतं. आणि आपल्या घरात एक बाई रोज पहाटे ओलेत्यानं वावरते."

ती बाई मी.

मला कळावं म्हणून त्यांनी पाटावर दोन वाट्या मांडल्या होत्या. "वीज एका तारेनं जाते, कामाला लागते आणि दुसऱ्या तारेनं परत येते. ही डबी दोन्हीकडचं मोजते. जेवढी गेली तेवढी परत आली, तर बरं. थोडीशी जरी परत आली नाही, तर ती मध्येच कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चाललीय. मग डबी वाट बघत नाही. टक्."

डबीवर एक बारकं बटण होतं. दर महिन्याच्या एक तारखेला हे आंघोळ करून व्हरांड्यात जायचे आणि ते दाबायचे. टक् व्हायचं. स्वयंपाकघरातला रेडिओ अभंगाच्या मधेच गप्प व्हायचा. देवापुढचा विजेचा नंदादीप जायचा. तो यांनीच मला करून दिला होता, कारण तेलाच्या दिव्यातली वात उंदीर पळवायचे. पूजेत दिवा गेला की मी डोळे वटारायची, कारण बोलता यायचं नाही. आंघोळीपासून पूजा संपेपर्यंत मी मौन पाळते. वडिलांनी बाराव्या वर्षी घालून दिलेला नेम आहे.

"झोपली नाही ना, ते बघतो गं," व्हरांड्यातून हे म्हणायचे. मग दांडी वर. दिवा यायचा, अभंग पुढच्या ओळीवर असायचा.

सकाळी साडेपाचच्या गाडीनं हे कामाला निघायचे, तेव्हा माझी पूजा चाललेली असायची. पारोशा माणसानं देवघरात पाऊल टाकायचं नाही ही आत्याबाईंची शिस्त, पण आंघोळ झालेली असली तरी हे उंबऱ्यापाशीच थांबायचे. "येतो गं." मला 'या' म्हणता यायचं नाही, म्हणून मी घंटा वाजवायची. एकदाच, हलकेच. ती ऐकली की चपलांचा आवाज पायऱ्या उतरून जायचा.

मासे गेले त्याच वर्षीच्या वैशाखात एका सकाळी माझे दोन्ही हात गंधानं भरले होते. "येतो गं," हे म्हणाले. एवढं गंध लावून होऊ दे, मग वाजवते, असं मला वाटलं. हे थांबले. मला पाठमोरीलाही कळलं की थांबलेत. मग चपला वाजल्या.

दहा वाजता गडहिंग्लजहून निरोप आला. चालू कामावर छातीत कळ आली आणि बसल्या जागी गेले. विजेनं नव्हे. विजेनं त्यांना कधी हातसुद्धा लावला नव्हता.

त्यानंतर कार्तिकातली गोष्ट. मी पहाटे पिंडीवर पाणी घालत होते. देवघर म्हणजे भिंतीतला कोनाडा आणि त्याला लागून कडप्प्याचा कट्टा. पिंडीवरचं पाणी खालच्या ताम्हणात पडायचं. माझं लक्ष कुठे होतं कोण जाणे. ताम्हण भरून वाहिलं, पाणी कडप्प्यावरून डावीकडे पसरलं, भिंतीपाशी फट होती तिच्यात शिरलं. त्या फटीखाली नंदादीपाच्या प्लगचा लाकडी बोर्ड.

टक्.

दिवा गेला. मागच्या खोलीतली पंपांची घरघर थांबली. घरात एकदम इतकी शांतता झाली की धुकं कौलांवरून ठिबकतंय तेसुद्धा ऐकू आलं. आणि उंबऱ्यापाशी कुणीतरी थांबलंय असं मला वाटलं.

नंदादीप विझणं चांगलं नाही, हे मला कळत होतं. पण मी भ्याले नाही. मी हात पुसून घंटा वाजवली. एकदाच, हलकेच.

दुसऱ्या दिवशी ताम्हण जपून ठेवलं, तर काहीच झालं नाही. दिवा आपला जळत राहिला, आणि सबंध दिवस मला घर ओकं वाटलं. तिसऱ्या दिवशी मी ताम्हण उचलून जमिनीवर ठेवलं आणि पाणी कडप्प्यावरून जाऊ दिलं.

टक्.

मग रोजच. पाण्याला भिंतीपर्यंत जायला सव्वा मिनिट लागायचं. तेवढ्यात माझी अकरा नामं व्हायची, बाराव्याला हे यायचे. मी घंटा वाजवायची. पूजा संपवून कोरड्या फडक्यानं बोर्ड टिपायची, दार उघडून वारा येऊ द्यायची, आणि तासाभरानं जाऊन दांडी वर करायची. पंप थांबल्यानं भावोजी जागे व्हायचे, व्हरांड्यात जाऊन दांडी वर करून बघायचे, ती पुन्हा पडायची. पारोसे असल्यामुळे देवघरात यायचे नाहीत. त्यामुळे ओली भिंत त्यांनी कधी बघितलीच नाही, आणि वायरमन यायचा तेव्हा ती वाळलेली असायची.

मी विचारलं असतं तर त्यांनी मासे अंगणात नेऊन ठेवले असते. मी सांगितलं असतं तर मला वेडी म्हटलं नसतं. पण सांगितलं की ते थांबणार होतं. रोज ठरवायची, आजचा दिवस, उद्या ताम्हण जागेवर ठेवू. आणि पहाट झाली की हात आपोआप ताम्हणाकडे जायचा.

तीन मासे गेले त्या दिवशी संध्याकाळी मी मागच्या खोलीच्या दारात गेले. भावोजी टाकीच्या काचेला नाक लावून बसले होते.

"भावोजी, ते मासे..."

"वैनी, हा बघा." त्यांनी बोटानं दाखवलं. एक काळा मासा वर येऊन पाण्याच्या तोंडाशी ओठ उघडमीट करत होता. "ह्याला अजून धाप आहे. उद्या बंद पडलं तर हा बी जाईल. दादानं घेऊन दिलेला आहे हा. पहिल्या जोडीतला."

मला तिथे बोलायचं होतं. "होईल काहीतरी," एवढं म्हणून मी वळले.

"करतोच आता काहीतरी," ते माझ्या पाठीमागे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. माझा उपास होता आणि दुपारी मी देवळात पारायणाला गेले होते. परत आले तेव्हा अंधार पडला होता, व्हरांड्यातून तशीच आत गेले. भावोजी जेवताना जरा जास्तच बोलत होते. आत्याबाईंनी त्यांना विचारलं, "आज काय शाळेत बक्षीस मिळालं का रे?" ते म्हणाले, "मिळालं की." मला काही वेगळं वाटलं नाही.

बुधवारी पहाटे मी न्हाऊन ओलेत्यानं देवघरात आले. धुकं खिडकीच्या गजांतून आत येऊन दिव्याभोवती जमलं होतं. फुलं वाहिली, ताम्हण खाली ठेवलं, पाणी सोडलं.

अकरा नामं झाली. बारावं झालं. पंधरावं झालं.

दिवा जळत होता.

मला वाटलं, पाणी कमी पडलं. मी दुसरा तांब्या घातला. कडप्पा चमकायला लागला, पाणी कडेनं माझ्या पायाशी उतरलं. मागच्या खोलीत पंप घरघरत होते. एकशेआठ नामं झाली आणि उंबऱ्यापाशी कुणी आलं नाही.

मग मला कळलं, असं मला वाटलं. सहा-सात महिने झाले. कुठवर थांबेल माणूस? त्या दिवशी थांबले होते तसे थांबले, आणि गेले. मला रडू आलं, पण मौनात हुंदकासुद्धा द्यायचा नाही ही माझी सवय. मी तशीच पुढे वाकले आणि त्या बोर्डावर हात ठेवला. दुसरं काही मनात नव्हतं. त्यांनी बसवलेला बोर्ड होता. निघालेल्या माणसाच्या पाठीवर ठेवावा तसा ठेवला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. बोटं बोर्डाच्या कडेवर आवळली गेली आणि सुटेनात. दातावर दात बसले. हातातून काहीतरी गुणगुणत वर यायला लागलं. खांदा, मान, मग छाती. दिवा मात्र शांत जळत होता, आणि मला आठवतंय, मला तो फार सुंदर दिसला. ओरडावं असं मनात आलं, पण तोंडच उघडेना. घरात दोन माणसं होती आणि मौन पाळणाऱ्या बाईच्या पूजेत कुणी येणार नव्हतं.

मनगटावर काठी बसली.

एकदा बसली, सुटलं नाही. दुसऱ्यांदा इतकी जोरात बसली की हाडाचा आवाज झाला. मी मागे फेकले गेले ते भिंतीवर आदळून खाली बसले. समोर आत्याबाई होत्या. केस सुटलेले, पदर नाही, पाय अनवाणी. गुडघ्यांमुळे दोन वर्षं त्या कुणाच्या आधाराशिवाय उठत नव्हत्या. आणि पारोशा. ज्या बाईनं जन्मात बिनआंघोळीचं देवघर बघितलं नव्हतं, ती देवघराच्या मध्यावर काठी उगारून उभी होती.

"भालू!" त्या ओरडल्या. "मेन बंद कर! मेन! तिला हात लावू नगंस, आधी मेन!"

सगळं घर अंधारलं. मग भावोजी बॅटरी घेऊन धावत आले, उंबऱ्यावर क्षणभर अडखळले, तसेच आत आले. ओली भिंत, ओला कट्टा, जमिनीवरचं ताम्हण, माझा हात. एकेक करून सगळं त्यांनी बघितलं आणि तिथंच बसले.

"मी डबी काढायला लावली," ते म्हणाले. "काल. त्या वायरमनला म्हटलं, डायरेक्ट कर. तो म्हणाला, म्हातारी झालीय डबी, उगीचच पडते. मी म्हटलं, वैनींना सांगू नको, त्यांना वाईट वाटेल." त्यांचे दात वाजत होते. "माशांपायी मी... दादाला काय तोंड दाखवू आता?"

पूजा अर्धीच होती. आरती व्हायची होती. बाराव्या वर्षापासून त्या दिवसापर्यंत मी पूजेत शब्द उच्चारला नव्हता. हे गेले त्या दिवशीही नाही.

"भावोजी," मी म्हणाले. जीभ जड झाली होती. "पाणी मी सोडत होते. रोज. मुद्दाम."

त्यांच्या हातातली बॅटरी खाली झुकली.

"ती डबी पडते ना, तेव्हा मला वाटायचं, हे आले. एक तारखेला बटण दाबायला यायचे तसे." दुखरा हात मी दुसऱ्या हातानं धरला. "तुमचे मासे मी मारले."

 आत्याबाई काठीवर हनुवटी टेकून उभ्या होत्या.  भावोजींनी उठून त्यांना पाटावर बसवलं.

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक आहे?"

"पाणी सोडतीस ते. आगं, मला काय झोप लागतीय व्हय पहाटेची? साडेचारपासून जागी असते. तुझं ताम्हण खाली ठेवल्याचं ऐकू येतंय. मग मी पांघरुणात गप पडून ऱ्हाते. मग ते टक् हुतंय." त्यांनी पदर शोधला आणि खांद्यावर घेतला. "मग तू घंटा वाजवतीस. मग मला डोळा लागतो."

पंप बंद होते. कौलांवरून धुकं ठिबकत होतं.

"आत्याबाई, मग मला बोलला का नाही?"

"बोलले असते तर तू थांबली असतीस. शहाणी हाईस तू. मग मला कुठनं ऐकू आलं असतं?" त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, विझलेल्या दिव्याकडे बघत होत्या. "आज ताम्हण वाजलं. मी वाट बघितली. टक् झालं न्हाई. लई वेळ झालं न्हाई. घंटाबी वाजली न्हाई. म्हटलं, माझा विश्वंभर कामाला असा कधी चुकत न्हाई. मग उठले."

"आणि काठी?" भावोजींनी विचारलं.

"त्यानंच शिकवलंय की. पाटावर उभा करून शिकवलंय मला. आई, कुणी चिकटलं तर हात लावायचा न्हाई, कोरडं लाकूड घ्यायचं आन हाणायचं. मी म्हटलं, सुनेला हाणायची सवय न्हाई रे मला. तर म्हणाला, एकदाच हाण, पण नीट हाण."

भावोजींना हसू फुटलं आणि त्याच हसण्याचं रडणं झालं.

दुपारी माझ्या मनगटाला प्लास्टर घालून आणलं. संध्याकाळी दुसरा वायरमन बोलावला, उत्तूरचा, यांच्या हाताखाली शिकलेला. त्यानं प्लगचा बोर्ड देवघरातून काढून पलीकडच्या कोरड्या भिंतीवर नेला. जुनी डबी हातात घेऊन उलटसुलट केली, मीटर लावून तपासली. "कुणी म्हटलं म्हातारी झाली?" तो म्हणाला. "अँपिअरचा पंचवीस-तीस हजारांश गळाला तरी पडतीय अजून. नवीसारखी आहे." तिच्या जागी तिला परत बसवलं.

निघताना तो म्हणाला, "वैनी, एकदा बटण दाबून बघा. मास्तर नेहमी घरच्या माणसाकडून दाबून घ्यायचे."

मी व्हरांड्यात गेले. आतून आत्याबाईंचा आवाज आला, "थांब गं! भालू, ते पंप चालू कर आधी, म्हणजे नीट कळंल." पंप घरघरायला लागले. मी डाव्या हाताच्या अंगठ्यानं ते बारकं बटण दाबलं.

टक्.

"आलं गं ऐकू," आत्याबाई आतून म्हणाल्या.

पंधरा वर्षं झाली त्यांना जाऊन. डबी मध्यंतरी एकदा बदलली, आवाज तोच आहे. कट्ट्याची फट बुजवली, ताम्हण जागेवर असतं, मौन पूर्वीसारखंच चालू आहे. एक तारखेला मात्र त्यात एका शब्दाची सूट मी घेतली आहे. न्हाऊन व्हरांड्यात जाते, बटण दाबते. टक् होतं, दिवा जातो, मागच्या खोलीतली घरघर थांबते. घर तेवढ्यापुरतं शांत होतं.

"या," मी म्हणते.

आणि दांडी वर करते. आता केस पांढरे झालेले भावोजी खोलीतून ओरडतात, "झालं का, वैनी?" टाक्यांमध्ये बुडबुडे पुन्हा वर यायला लागतात.